नावापुढचे टिंब

गेल्या वर्षी आईचे एक कार्ड काढायला तिला घेऊन एका सेवा केंद्रात गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने नाव विचारले, टाइप केले. मग आडनाव विचारले.

"आडनाव नाही," आई म्हणाली.

खरेच नाही. तिच्या माहेरच्या जुन्या कागदांवर तिचे नाव, त्याला जोडलेले 'बी', आणि लग्नानंतरच्या कागदांवर पुढे 'जौजे' अमुक, एवढेच आहे. जौजे म्हणजे अमक्याची बायको. महसुलाच्या जुन्या दप्तरात 'वल्द', 'बिन', 'जौजे' हे शब्द मराठी मजकुरात सहज नांदत. तलाठ्याला कधी अडचण आली नाही. वहीच्या रकान्यात जितके नाव मावेल तितके तो लिहायचा.

मुलगा चांगला होता. म्हणाला, "मावशी, इथं लाल चांदणी आहे. भरल्याशिवाय पुढं जातच नाही." थोडा विचार करून त्याने आडनावाच्या रकान्यात एक टिंब टाकले. स्क्रीन पुढे सरकली. महिन्याभराने कार्ड आले. आईचे नाव, एक मोकळी जागा आणि टिंब. ते घेऊन दुसऱ्या एका कार्यालयात गेलो, तर तिथल्या संगणकाला टिंब चालेना. नावात फक्त अक्षरे हवीत म्हणे. एका यंत्राने टिंब मागून घेतले आणि दुसऱ्याने ते नाकारले. तीन खेपा झाल्या.

खेपांचे दुःख नाही. मला लागलेली गोष्ट वेगळी आहे. मी आयुष्यातली बरीच वर्षे आधी डीटीपी आणि नंतर सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरावर पोट भरले. 'लास्ट नेम'च्या जागी 'आडनाव' आणि त्यापुढे कंसात 'आवश्यक' हे मी स्वतः किती स्क्रीनसाठी लिहून दिले असेल, मोजदाद नाही. प्रत्येक वेळी मला वाटत होते की मी हे यंत्र माझ्या लोकांसाठी तयार करतो आहे.

या धंद्यात दोन वेगळी कामे आहेत. एक लोकलायझेशन, म्हणजे सॉफ्टवेअर एखाद्या भाषेत आणणे. दुसरे त्याच्या आधीचे, इंटरनॅशनलायझेशन, म्हणजे ते कोणत्याही भाषेत जाऊ शकेल असे मुळातच बांधणे. हा शब्द इतका लांब की त्या लोकांनी पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवून मधली अठरा गाळली आणि 'आय-अठरा-एन' म्हणू लागले. जगाची नावे नीट मावावीत म्हणून झटणाऱ्यांना स्वतःच्या कामाचे नाव मावेना! पहिले काम माझ्यासारखे लोक करतात. दुसरे झाले नसेल, तर पहिल्याला फारसा अर्थ उरत नाही. हे आपल्या दोन लिपींच्या बाबतीत कसे घडत गेले, ते सांगतो.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याची एक यादी १९६०च्या दशकात अमेरिकेत ठरली. तिचे नाव आस्की. जागा फक्त १२८. त्यात इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही आज्ञा बसल्या. कुणाला वगळण्याचा हेतू नव्हता, ते आपल्या घरापुरती यादी करत होते. पण त्या यादीबरोबर काही समजुतीही यंत्रात शिरल्या. अक्षरे डावीकडून उजवीकडे एकामागून एक येतात, प्रत्येक अक्षर आपल्या चौकोनात बसते, आणि शेजारी कोण आहे यावर त्याचा आकार बदलत नाही. इंग्रजीला या तिन्ही गोष्टी लागू पडतात. देवनागरीला दोन पडत नाहीत, आणि उर्दूच्या नस्तालिकला एकही नाही.

नस्तालिक ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको. शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि उतारावरून पाणी यावे तसा डावीकडे खाली येतो. 'बे' हे एकच अक्षर पुढे कोण आले त्याप्रमाणे कधी दातासारखे, कधी नुसत्या वळणासारखे, कधी उभ्या रेघेसारखे दिसते. नुक्ते जागा मिळेल तिथे सरकतात. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उर्दू पुस्तके टाइपात छापली खरी, पण पुढे लिथो आल्यावर उर्दू छपाईने टाइपाला जवळजवळ रामराम ठोकला. कातिबाने खास शाईने कागदावर लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि छापायचे. टाइपरायटर आणि खिळे होते ते नस्ख वळणाचे, अरबीसारख्या सरळ रेषेतले. ते उर्दू वाचकाला कधी आपले वाटले नाहीत. म्हणून विसाव्या शतकातही रोजची उर्दू दैनिके हातानेच लिहिली जात. रात्री उशिरा बातमी आली की कातिब पुन्हा कलम घेऊन बसे. स्तंभाच्या तळाशी जागा उरली तर अक्षरे जरा ताणायची, कमी पडली तर आवळायची. मशीनला जमत नव्हते ते हेच. १९२७ साली सुरू झालेले चेन्नईचे 'मुसलमान' हे दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात राहिले.

कोंडी फोडली ती कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी. ते स्वतः खुशनवीसांच्या घराण्यातले. त्यांनी अक्षरे जोडण्याचा नाद सोडला. उर्दू शब्दांत अक्षरे जोडून जे जे तुकडे तयार होतात, ते सगळे तुकडे अखंड लिहून काढायचे आणि यंत्राला तेच द्यायचे, असा त्यांचा मार्ग. असे अठरा-वीस हजार तुकडे त्यांनी तयार केले. इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीच्या लेझर यंत्रावर ते चढवले गेले. या वळणाला त्यांनी वडिलांच्या, नूर अहमद यांच्या नावावरून नूरी नस्तालिक म्हटले. १९८१ साली 'जंग' दैनिकाची लाहोर आवृत्ती या अक्षरांत निघाली.

या पराक्रमाला मी सलाम करतो. पण त्याचे स्वरूप ओळखायला हवे. यंत्राची समजूत इथे बदललीच नव्हती. चौकोन तेच होते, फक्त एका अक्षराऐवजी एकेका चौकोनात अख्खा तुकडा बसवला होता. जो तुकडा साठ्यात नाही, तो आला की यंत्र अडखळणार. परका शब्द, अनोळखी गाव, एखादे मराठी आडनाव उर्दूत लिहायला घेतले की ही अडचण समोर यायची. आणि एक गोष्ट राहून राहून मनात येते. ती सगळी अक्षरे एका कातिबाच्या हातची होती, आणि त्यांच्यामुळेच पुढे हजारो कातिबांचे हात रिकामे झाले.

याच सुमारास आपल्या बाजूला काय चालले होते? कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम सुरू होते. त्यातून जिस्ट नावाचे तंत्र निघाले. साध्या पीसीत एक कार्ड बसवायचे की पडद्यावर देवनागरी उमटे. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि हे काम तिथे आले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने लिपींची यादी प्रमाण केली, तिचे नाव इस्की.

इस्कीमागची कल्पना मला आजही सुंदर वाटते. ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या लिपींचा वर्णक्रम एकच आहे. मग क ला एकच आकडा द्यावा. तो देवनागरीत दाखवा, बंगालीत दाखवा, तमिळमध्ये दाखवा. कळफलकही सगळ्यांना एकच, इन्स्क्रिप्ट. जोडाक्षर साठवायचे नाही, क, हलन्त आणि ष साठवायचे, त्याचा क्ष करणे यंत्राने शिकावे. इथे पहिल्यांदा यंत्राला शिकवण्याची भाषा आली. अक्षर म्हणजे काय आणि त्याचा आकार म्हणजे काय, हे वेगळे केले गेले. इंग्रजीच्या यादीला ही गरजच पडली नव्हती.

मात्र या घरात उर्दू नव्हती. तिची लिपी ब्राह्मीतली नाही, वर्णक्रम वेगळा, दिशा उलटी. कारण तांत्रिक होते आणि खरे होते. सी-डॅकने उर्दू, सिंधी आणि काश्मिरीसाठी पॅस्की ही वेगळी यादी केली, पुढे 'नाशिर' नावाचे उर्दूचे सॉफ्टवेअरही काढले. तरीही परिणाम असा झाला की 'किताब' हा शब्द एक कळ दाबून गुजरातीतून बंगालीत जाई, आणि ज्या लिपीतून तो आपल्याकडे आला त्या लिपीत मात्र जात नसे.

माझी डीटीपीची वर्षे या दोन घरांच्या मधल्या बोळात गेली. आमच्याकडे निकाहाच्या पत्रिका यायच्या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. मराठी बाजू एका सॉफ्टवेअरमध्ये, उर्दू बाजू इनपेजमध्ये. इनपेज दिल्लीच्या एका कंपनीने १९९४ साली काढले आणि त्यात तेच नूरी नस्तालिक होते. सीमेच्या दोन्ही बाजूंचे उर्दू छापखाने बघता बघता त्यावर गेले. मराठी मजकुरात मधेच दोन शब्द उर्दूत हवे असले, तर ते इनपेजमध्ये लिहून, त्याचे चित्र करून, इकडे आणून चिकटवायचे. तेव्हाचे मराठी फाँटही खरे तर फसवणूकच होते. संगणकाला वाटे की आपण इंग्रजी अक्षरे साठवतो आहोत, आम्ही फक्त त्यांचा चेहरा मराठी केला होता. फाँट बदलला की पत्रिकेचा चिवडा. ग्राहक फाइल घेऊन दुसऱ्या दुकानात गेला की रडकुंडीला येई. उर्दू वर्तमानपत्रे इंटरनेटवर आली तीही पानांची चित्रे म्हणून. माणूस ती वाचू शकत होता, पण त्यांत शब्द शोधणे अशक्य होते. कितीतरी वर्षांचा मजकूर असा आंधळा राहिला.

युनिकोडने हे बदलले. जगातल्या सगळ्या लिपींची एकच यादी, पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ची. देवनागरीची मांडणी त्यांनी इस्कीवरून घेतली. अरबी लिपीच्या घरात टे, डाल, अडे, बडी ये ही उर्दूची खास अक्षरेही आली. एका ओळीत उजवीकडून उर्दू, मधेच डावीकडून फोन नंबर, पुन्हा उर्दू, हे कसे मांडायचे त्याचे नियम ठरले. एका फाइलमध्ये मराठी आणि उर्दू पहिल्यांदा शेजारी बसल्या तेव्हा मी ती फाइल उगाचच चार वेळा उघडून बंद केली होती.

पण यादीत जागा मिळणे म्हणजे आपल्याला ओळखणे नव्हे. आपल्या 'दर्या' आणि 'दऱ्या' घ्या. एक फारसीतून आलेला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. मराठी माणूस दोन्ही वेगळे लिहितो. हिंदीला हा फरक लागत नाही, त्यामुळे यंत्राला तो ठाऊक नव्हता. दऱ्यांमधला तो आडवा अर्धा र मिळवायला दोन वाटा निघाल्या. एक, र आणि हलन्तापुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक घालायचा. दुसरी, दक्षिणेतल्या भाषांच्या एका उच्चारासाठी ठेवलेला टिंबवाला ऱ वापरायचा. दोन्हींनी पडद्यावर तेच उमटते, आत आकडे वेगळे. जिथे सॉफ्टवेअरने काळजी घेतलेली नसते तिथे एका पद्धतीने लिहिलेले दुसऱ्या पद्धतीने शोधले की सापडत नाही. 'ॲप' मधल्या ॲ ला तर स्वतःचा आकडा मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

आपल्या नावांची अवस्था याहून नाजूक. ज खाली नुक्ता दिलेला ज़ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच आकडा किंवा ज आणि नुक्ता असे दोन. हे दोन्ही एकच समजावेत असा नियम आहे, पण नियम पाळणारे सॉफ्टवेअर प्रत्येक काउंटरवर असतेच असे नाही. उर्दूत काफ आणि ये यांचे तसेच. अरबीचा काफ वेगळ्या आकड्याचा, उर्दूचा वेगळ्या, शब्दाच्या मधोमध दोघे सारखेच दिसतात. आणि मराठीत तर आपण नुक्ता देतच नाही. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ुआद, ज़ोए अशी चार अक्षरे. ज़रा, ज़मीन, ज़रूर, ज़ालिम यांत एकेक. मराठीने या चारही जणांना आपल्या एका ज मध्ये घेतले, आणि तोही जहाजातला दंततालव्य ज, जो मूळ उच्चाराच्या बराच जवळ आहे. मला यात तक्रारीसारखे काही दिसत नाही. जरा, जमीन, जरूर आता मराठीच आहेत. पण मराठीतल्या नावावरून यंत्र उर्दू नाव तयार करते तेव्हा त्याला चारांपैकी एक निवडावे लागते, आणि ते अंदाज करते. 'महंमद', 'मोहम्मद', 'मुहम्मद' ही एकाच माणसाच्या तीन कागदांवरची नावे माणूस पटकन ओळखतो. जुळवणी करणारे यंत्र म्हणते, तिघे वेगळे.

नस्तालिकला फोनवर यायलाही वेळ लागला. यादीत अक्षर असले तरी ते उतारावर मांडायचे कसे, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या यंत्राला शिकवायचे होते. आयफोनने उर्दू नस्तालिकमध्ये दाखवायला सुरुवात केली ती २०१७ साली. तोवर उर्दूवाल्यांची एक पिढी रोमन अक्षरांत लिहायला सरावलीही होती.

आता माझ्या कामाकडे येतो. भाषांतराला यायचा तो एक लांबलचक तक्ता. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे रिकामे रकाने. वाक्य नाही, संदर्भ नाही. 'ओपन' आहे, भाषांतर द्या. मी लिहिले 'उघडा'. फाइल उघडण्याच्या बटणावर ते शोभले. तेच यंत्राने दुकानाच्या नावापुढेही लावले, आणि 'दुकान: उघडा' अशी पाटी झळकली! इंग्रजीत क्रियापद आणि विशेषण एकाच शब्दात भागले होते, मराठीत भागत नाही. संदेश मोजणाऱ्या ओळींचे असेच. इंग्रजीत आकडा, 'न्यू', 'मेसेज' आणि शेवटी एक एस जोडला की झाले. आपल्याकडे एक नवा संदेश आला, पाच नवे संदेश आले, एक नवी फाइल आली, पाच नव्या फायली आल्या. विशेषण बदलते, क्रियापद बदलते. तुकडे देऊन वाक्य होत नाही, अख्खे वाक्य द्यावे लागते. १९९०च्या दशकात आलेल्या गेटटेक्स्टसारख्या साधनांनी वाक्ये प्रोग्रॅमबाहेर काढून ठेवण्याची आणि पुढे प्रत्येक भाषेचे वचनांचे नियम सांगण्याची सोय केली. मराठीला दोन प्रकार पुरतात, अरबीला सहा लागतात. ज्या प्रोग्रॅमरला हे माहीत नव्हते, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी कितीही चांगले मराठी ओतले तरी ते लंगडणारच होते.

बांधतानाच काळजी घेतल्याचा एक नमुना मात्र माझ्या फार आवडीचा आहे. हिजरी तारीख गणिताने काढता येते, सौदी अरबचे उम्मुल कुरा कॅलेंडर तसेच आहे. पण आपल्याकडे महिना सुरू होतो तो चंद्र दिसल्यावर. एकोणतीसचा की तीसचा, हे संध्याकाळी छतावर जाऊन ठरते, मग फोनाफोनी होते. मायक्रोसॉफ्टच्या हिजरी कॅलेंडरमध्ये तारीख दोन दिवसांपर्यंत मागे किंवा पुढे करायची सोय ठेवलेली आहे. कोणीतरी, कुठेतरी, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगितले असणार की बाबा रे, गणित बरोबर असले तरी चंद्र दिसायला हवा. आणि त्याने ऐकून घेतले.

नावाबाबतही सांगणारे होते. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जगभरच्या नावांवर एक मार्गदर्शक लेखच प्रसिद्ध केला आहे. सगळ्यांना आडनाव असते असे धरू नका, शक्य तिथे पूर्ण नावाचा एकच रकाना द्या, असे त्यात आहे. तरी लाल चांदणी जात नाही. 'अब्दुल रहमान' नावाचा माणूस फॉर्ममध्ये शिरतो आणि पलीकडून 'श्री. अब्दुल' होऊन बाहेर पडतो. अब्दुल म्हणजे 'चा बंदा'. कोणाचा, ते आडनावाच्या रकान्यात राहिले. आणि आडनाव नसणे ही काही मुसलमानांचीच गोष्ट नाही. दक्षिणेत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावून पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे, त्यांनाही हाच रकाना आडवा येतो.

मी त्या तक्त्यांत 'आडनाव (आवश्यक)' लिहीत होतो तेव्हा आई घरातच होती, शेजारच्या खोलीत. मला तिचे नाव ठाऊक होते. मला एकदाही सुचले नाही की तक्ता पाठवणाऱ्याला दोन ओळी लिहाव्यात, की बाबांनो, ही चांदणी काढा. माझे काम शब्दांपुरते, असे मी धरून चाललो होतो. शब्द बरोबर होता. 'आडनाव'ला दुसरा पर्याय मला आजही सुचत नाही.

शेवटी त्या सेवा केंद्रातल्या मुलानेच तोड काढली. आडनावाच्या रकान्यात त्याने नावच पुन्हा टाइप केले. टिंब नाही, चांदणीचीही तक्रार नाही, दोन्ही कार्यालयांची यंत्रे खूश. नवे कार्ड आले आहे. त्यावर आईचे नाव दोनदा आहे. नातवंडे तिला दोनदा हाक मारतात, आणि ती दुसऱ्या हाकेला ओ देते.